फळ्यावर चढलेली लाल गाडी

१

मिस्त्रीला पाच घाव बसले होते. पहिल्याने जबडा मोडला, बाकीच्या चारांनी कवटी. चाकाचे नट काढायचा लांब पाना त्याच्या उशाशी पडला होता आणि पान्याच्या टोकाला केस चिकटले होते. लाल गाडीखाली जुनं तेल काढायला ठेवलेल्या घमेल्यात रक्त ओघळलं होतं. पोलिसांनी घमेलं तिरकं केलं तेव्हा काळ्या तेलाखालून ते लाल वर आलं.

गॅरेजमधलं हे सगळं पहिल्यांदा पाहिलं माझ्या ताईने, संध्याकाळी सहा वाजता. लाल गाडी तिचीच. ताई नर्स आहे, घरोघरी जाऊन जखमा बांधते आणि जगात सगळ्यांचं ऐकते, माझं सोडून. मिस्त्रीचं अंग कोमट लागलं म्हणून ती त्या फुटक्या डोक्यावर दोन्ही हात दाबून बसली. समोरच्या दुकानातला तेलवाला आत डोकावला तेव्हा ताई कोपरापर्यंत रक्ताने माखली होती. त्याने बोंब ठोकली आणि पोलीस आले. मदतीला गेलेल्या माणसाचा असा खुनी होतो.

मी विम्याचा सर्व्हेअर. लोकांच्या गाड्या मेल्या की त्यांची उत्तरीय तपासणी मी करतो. मिस्त्री माझा जुना स्नेही, आणि त्या दिवशी दुपारी पावणेचारला त्याचा मला फोन आला होता. ताईच्याच गाडीच्या तेलाचा घोळ होता.

"झाकणावर शून्य-वीस लिहिलंय," तो म्हणाला. "पाण्यासारखं पातळ. माझं मन घेत नाही."

"पुस्तक काय म्हणतं?"

"पुस्तक म्हणतं, उष्ण हवा आणि चढाचा रस्ता असेल तर पाच-तीसही चालेल."

"मग पाच-तीस घाल. ताई दिवसभर चढावर पळवते. डब्यामागची बारीक अक्षरं मात्र वाच, टर्बोला चालतं असं छापलेलं हवं."

"ठरलं तर. चढवतो फळ्यावर."

मिस्त्रीची ही पद्धत होती. रोज सकाळी फळा ओल्या फडक्याने पुसायचा, आणि तेल पक्कं ठरेपर्यंत कुठलीही गाडी फळ्यावर चढवायची नाही. मला फोनमधून खडूचा आवाज आला. मग "चल, कुणीतरी आलंय" असं म्हणून त्याने फोन ठेवला. तो आवाज मी परत ऐकणार नव्हतो.

२

पोलीस ठाण्यातले साहेब माझ्या ओळखीचे. अपघातांच्या निमित्ताने आमच्या भेटी होत असत. माणूस वाईट नाही, पण एकदा सरळ रेघ दिसली की दुसरीकडे मान वळवत नाही.

"सर्व्हेअर, उद्या दुपारी तुमच्या ताईंना कोर्टात उभं करणार. खुनाचा आरोप आहे," ते म्हणाले. "त्यांनी काल मिस्त्रीशी भर रस्त्यात भांडण केलं. आज सहाला अंगभर रक्त घेऊन सापडल्या. आणि मिस्त्रीच्या जावयाचा जबाब ऐका."

जावई फोटोवाला. तासाभराच्या अंतरावरच्या गावात त्याचा स्टुडिओ. सात वाजता पोलिसांनी त्याला फोनवर सासऱ्याची बातमी दिली, तेव्हा तो ढसाढसा रडला आणि रडता रडता म्हणाला, दुपारी बाबांचा फोन आला होता. लाल गाडीवाल्या नर्सबाईंना साडेपाचला बोलावलंय, ती बाई भांडखोर आहे, मला भीती वाटते, असं ते सांगत होते.

"फोन खरंच झाला होता?" मी विचारलं.

"बारा चाळीसला. मिस्त्रीनेच केला. दिवसभरात तेवढा एकच त्या नंबरवर. त्यानंतर शेवटचा फोन पावणेचारला, तुम्हाला. डॉक्टर म्हणतात मृत्यू चार ते सहाच्या दरम्यान. साडेपाच बरोबर मध्ये बसतं."

मला ताईजवळ पाच मिनिटं बसू दिलं. नखांतलं रक्त अजून निघालं नव्हतं.

"त्याने तुला साडेपाचला बोलावलं होतं?"

"छे. काम झालं की फोन करतो म्हणाला. फोन आला नाही, मी आपली वाटेवरून जाताना डोकावले, डबा झाला का बघायला." डबा म्हणजे तिची गाडी. घेतली त्या दिवसापासून ती तिला डबाच म्हणते. डबा रुसला, डबा चढाला धापा टाकतो.

"आणि काल भांडण कशावरून?"

ताईने ओठ मिटले. मला ते मिटलेले ओठ लहानपणापासून माहीत आहेत. त्यांच्यापुढे आईने हात टेकले होते.

"ताई, जन्मठेप होईल."

"होऊ दे. मी एकीला शब्द दिलाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जेवलास का?"

मला तिचा इतका राग आला की डोळे भरून आले. मी बाहेर पडलो.

३

माझ्या हातात दुसऱ्या दिवशीची दुपार होईपर्यंतचा वेळ होता. सकाळी पहिला गाठला तो मिस्त्रीचा जोडीदार. उभा जन्म ट्रकखाली काढलेला, म्हणून सगळे त्याला डिझेल म्हणतात. याच्यावर माझा संशय होता, आणि कारण तेलच होतं.

दोन महिन्यांपूर्वी मिस्त्री गावाला गेला असताना डिझेलने ताईच्या गाडीत वीस-पन्नास ओतलं. जुन्या ट्रकांना चालणारं, मधासारखं जाड. एवढंसं तीन सिलिंडरचं इंजिन, त्याच्या कुशीत हवा कोंबणारा मुठीएवढा टर्बो. त्याचा दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि त्याला आधार असतो फक्त तेलाच्या पापुद्र्याचा. जाड तेल सकाळी गाडी सुरू केल्यावर वेळेत तिथे पोहोचत नाही. दांडा कोरडा फिरतो. तीन आठवड्यांत टर्बो जळाला. परत आल्यावर मिस्त्रीने तो जळका दांडा चार गिऱ्हाइकांसमोर डिझेलच्या तोंडावर फेकून मारला होता. भुवईवर सात टाके पडले.

मी एवढंच विचारलं, "काल चार ते सहा कुठे होतास?" त्याने माझी गचांडी धरून मला शटरवर आपटलं. पाठीतून कळ गेली. पाय जमिनीवर नव्हते.

"मारायचंच असतं तर त्याच दिवशी मारलं असतं," तो म्हणाला. "आणि पान्याने नाही, हातांनी मारलं असतं." मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि त्याने मला खाली सोडलं. "माझीच चूक होती ती. वीस वर्षांत त्याने मला तेवढं एकदाच मारलं."

चार ते सात तो हमरस्त्यावर एका बंद ट्रकखाली होता. ट्रकवाल्याने आणि क्लीनरने माझ्यासमोर फोनवर तसं सांगितलं. माझा संशयित गेला, पाठ तेवढी दुखत राहिली.

मग तेलवाला. त्याच्या दुकानातले दोन डबे बनावट निघाले म्हणून मिस्त्रीने त्याच्याकडून तेल घेणं बंद केलं होतं. पण काल दुपारी तीनपासून त्याच्या दुकानात गिऱ्हाइकांची रांग होती, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला या स्वभावामुळे त्याचा आवाज सहापर्यंत अख्ख्या गल्लीने ऐकला होता. रांगेमुळे त्याला समोर कोण आलं-गेलं ते मात्र दिसलं नाही.

"परवाच्या भांडणात ताई नेमकं काय म्हणाली?" मी विचारलं.

"शब्द न् शब्द सांगतो. 'डोळ्यांवर पट्टी बांधून बसलात तुम्ही. तिचे हाल मला बघवत नाहीत. अशानं ती जाईल एक दिवस, मग बसा रडत.' गाडीवर काय जीव असतो हो बायकांचा."

मिस्त्रीच्या घरी जावई भेटला. पांढरा स्वच्छ शर्ट, डोळे सुजलेले, मला बसायला खुर्ची पुसून दिली. मिस्त्रीची लेक भिंतीला टेकून बसली होती. डावा हात प्लॅस्टरमध्ये, दहा दिवसांपूर्वी जिन्यावरून पडली म्हणे. तेव्हापासून ती माहेरीच होती. प्लॅस्टर ताईनेच घातलं होतं. दारात एक बॅग भरून ठेवली होती.

"आज रात्रीच्या आत हिला घेऊन जातो," जावई हळुवारपणे म्हणाला. "इथे आता हिचं कोण राहिलंय?"

लेकीने मान खाली घातली. मी दोन शब्द बोललो तरी तिने वर पाहिलं नाही. इतक्यात साहेबांचा निरोप आला, शवागारात या, मिस्त्रीच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं सापडलंय.

४

मिस्त्रीचा निळा कामाचा शर्ट टेबलावर पालथा पसरला होता. मानेपासून खांद्यांपर्यंत रक्त वाळून काळं झालेलं. त्याच्या खाली, पाठीच्या मधोमध, तेलकट कापडावर खडूच्या फिकट रेघा उमटल्या होत्या. उलट्या आणि खाली ओढल्यासारख्या.

काय घडलं ते मला शर्टावर वाचता आलं. समोरून जबड्यावर पहिला घाव बसला. मिस्त्री मागे फळ्यावर आदळला आणि पाठीने फळा पुसत खाली घसरला. तो खाली बसलेला असताना वरून उरलेले चार घातले. मारणारा थांबला नव्हता. तिसऱ्या घावालाच माणूस गेला होता, असं डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी शर्टासमोर आरसा धरला. आरशात अक्षरं सुलटी झाली. लाल गाडी, नर्सबाई, आणि त्यापुढे आकडे. ५-३०.

"घ्या," साहेब आरसा खाली ठेवत म्हणाले. "साडेपाच. मेलेल्या माणसाने स्वतःच्या पाठीवर साक्ष आणली. सर्व्हेअर, मला वाईट वाटतं."

मी त्या आरशाकडे बघत राहिलो. मग मला हसू फुटलं. शवागारात हसणं बरं नाही, डॉक्टरांनी माझ्याकडे तसं पाहिलंही. पण माझी ताई निर्दोष होती आणि मिस्त्रीला कोणी मारलं ते मला कळलं होतं.

"साहेब, कोर्टाला दोन तास आहेत," मी म्हणालो. "सगळ्यांना गॅरेजमध्ये बोलवा. फक्त शर्टाबद्दल कुणाला बोलू नका."

५

गॅरेजमधलं रक्त धुतलं होतं, वास गेला नव्हता. लाल गाडी होती तिथेच उभी होती, पोटात तेलाचा थेंब नाही. तेलवाला, डिझेल, जावई आणि लेक एका रांगेत बसले. ताईला दोन पोलीस बायकांनी दारापाशी उभं केलं.

मी पुसलेल्या फळ्यावर खडूने मोठे आकडे काढले. ५-३०.

"शाळा भरवलीत का?" साहेब पुटपुटले.

"एकच धडा आहे. प्रत्येकाने मोठ्याने वाचायचं." मी तेलवाल्याकडे वळलो.

"पाच-तीस," तो म्हणाला. "कुठल्या कंपनीचं देऊ?"

डिझेल म्हणाला, "पाच-तीस. असल्याच आकड्यांपायी टाके पडलेत मला."

"साहेब, तुम्ही?"

"साडेपाच. त्यात काय वाचायचं?"

"जावईबापू?"

त्याने क्षणभर माझ्याकडे, मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी म्हटलं तेच म्हणायला हरकत नाही असं त्याला वाटलं असावं. "साडेपाच," तो म्हणाला.

त्याच्या शेजारी बसलेल्या लेकीचा श्वास अडकल्याचं मी ऐकलं. ती या गॅरेजमध्ये रांगली होती. तिला वेगळं विचारायची गरज नव्हती.

"साहेब, घड्याळात बघून आपण काय म्हणतो? साडेपाच. आपल्या भाषेत पाच-तीस म्हणतो तो फक्त तेलात हात घालणारा. पहिला आकडा गार असताना तेल किती वाहतं त्याचा, दुसरा तापल्यावर किती दाट राहतं त्याचा. मिस्त्रीने लाल गाडीपुढे वेळ नाही, तेल लिहिलं होतं. पावणेचारला माझ्याशी बोलता बोलता लिहिलं, मी खडू ऐकला. त्याआधी त्याच्याही डोक्यात शून्य-वीस होतं. तेव्हा बारा चाळीसच्या फोनवर तो कुणाला पाच-तीस म्हणाला नाही, आणि साडेपाच तर जन्मात म्हणाला नसता, कारण ताईला त्याने वेळ दिलीच नव्हती."

जावयाचा चेहरा हलला नाही. हात मात्र मांडीवरून उठले.

"साडेपाच हे त्या फळ्यावरून एकाच तऱ्हेने उतरतं," मी पुढे म्हणालो. "ज्याला तेलातलं ओ की ठो कळत नाही अशा माणसाने डोळ्यांनी वाचलं तर. आणि ते वाचायला तो पावणेचारनंतर इथे हवा, आणि मिस्त्री उभा असताना हवा. कारण मिस्त्री पडला तो फळा पुसतच. अक्षरं गेली त्याच्या पाठीवर. ती पाठ आज सकाळपर्यंत कुणी पाहिली नव्हती, आणि तुम्ही मात्र काल संध्याकाळी सात वाजता, तासभर दूरच्या गावातून, साहेबांना साडेपाच सांगितलंत."

"बाबा म्हणाले असतील, मी ऐकताना चुकलो असेन," जावई म्हणाला. आवाज अजून मऊच होता.

"बारा चाळीसला त्यांनी तुम्हाला इथे बोलावून घेतलं. कशासाठी, ते तुम्ही सांगा. तुम्ही आलात, त्यांनी फोन ठेवला, तुम्ही फळा वाचलात. मारून झाल्यावर तुम्हाला वाटलं, साडेपाचला नर्सबाई येणार, आयती सापडणार."

तो उठला. मला वाटलं माझ्या अंगावर येईल. तो वळला बायकोकडे.

"तू बोललीस," तो म्हणाला, आणि तिचा प्लॅस्टरचा हात धरून पिळला.

६

ती किंचाळली तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही. प्लॅस्टर तडकलं. मी मध्ये पडलो तेव्हा त्याने जॅकचा दांडा उचलून माझ्यावर हाणला. माझी दोन बोटं मोडली, मोडताना मला ऐकू आली. दुसरा घाव डोक्यावर येणार होता. त्याआधी डिझेलने त्याची मान मागून पकडली आणि त्याचं तोंड लाल गाडीच्या बॉनेटवर आपटलं. एकदा, दोनदा, तीनदा. दात उडून फरशीवर पडले. चौथ्यांदा आपटण्याआधी साहेबांनी आणि दोन शिपायांनी डिझेलला ओढून काढलं. डिझेल रडत होता आणि शिव्या देत होता. मी भिंतीला धरून उभा राहिलो. मला जावयाची कणभर कीव आली नाही, हे खरं ते सांगतो.

पोलीस ठाण्यात त्याला बाकावर बसवलं. तोंडावर रक्ताने भिजलेला रुमाल. "मी रागावलो, दुःखात होतो," एवढंच तो म्हणत होता. साडेपाच ऐकलं होतं, बाकी काही माहीत नाही.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "माझी खात्री पटली, सर्व्हेअर. पण कोर्टात आकड्यावर भागणार नाही. उद्या त्याचा वकील म्हणेल, ऐकण्यात चूक झाली. जावई सासऱ्याला का मारेल, याचं कारण हवं. तोवर रक्ताचे हात तुमच्या ताईंचेच आहेत."

मला कारण माहीत होतं. तेलवाल्याने शब्द न् शब्द सांगितला होता, पण ऐकला त्याच्या कानांनी. तिचे हाल बघवत नाहीत, ती जाईल एक दिवस. माझी ताई गाडीला ती म्हणत नाही. डबा म्हणते, आणि डबा पुल्लिंगी आहे.

मी ताईसमोर बसलो. "हात बांधलास तेव्हा तुला कळलं ना? जिना नव्हता तो."

ताई माझी मोडलेली बोटं चाचपून बघू लागली.

"तू मिस्त्रीला सांगितलंस. तेवढंच भांडण. म्हणून त्याने जावयाला जाब विचारायला बोलावलं."

"मी नाव घेतलं नाही," ताई म्हणाली. "फक्त डोळे उघडा म्हणाले. तिने मला शपथ घातली होती, कुणाला कळलं तर तो बाबांना जिवंत ठेवणार नाही म्हणून. मी अर्धी शपथ मोडली आणि मिस्त्री गेला. उरलेली आता मोडणार नाही. तिचं काय ते तिने सांगायचं, मी नाही."

"आणि तू आत जाशील?"

"जाईन."

मी डोकं धरून बसलो. मोडलेली बोटं ठणकत होती. साहेब घड्याळ बघत होते, बाहेर कोर्टात न्यायची गाडी येऊन उभी राहिली होती. पोलीस बाईने ताईचा दंड धरला.

कोपऱ्यात बसलेली मिस्त्रीची लेक उठली. बाकावरचा नवरा तोंडावरचा रुमाल काढून तिच्याकडे बघू लागला, नेहमी बघत असेल तसाच. ती थांबली. मग ती त्याच्या समोरून चालत साहेबांच्या टेबलापाशी आली आणि तडकलेलं प्लॅस्टर टेबलावर ठेवून खुर्चीत बसली.

"मावशीला सोडा," ती ताईकडे हात करून म्हणाली. "लिहून घ्या. पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतर अकराव्या दिवशी."

साहेबांनी कोरा कागद ओढला. ती सांगत गेली, आणि त्यांना आणखी कागद मागवावे लागले.